आईला शिकवताना

९ जानेवारी २०२५
हेडसरांनी आज आम्हा शिक्षकांना धरलंच. आमच्या शाळेने निरक्षर माणसं शोधायची आणि शिकवायची! जगातल्या सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय म्हणे — दोन हजार तीसपर्यंत लिहिता-वाचता न येणारं कुणी उरू द्यायचं नाही. मी अख्खी गल्ली पालथी घातली. एक नाव कमी पडतंय. ते घरातच बसून तांदूळ निवडतंय — आई.

१० जानेवारी
आईला विचारलं. "आता कायले?" म्हणाली. जेवताना मात्र स्वतःच चौकशी केली, पाटी शाळेतून मिळते की आपण आणायची?

१४ जानेवारी
संक्रांत. गूळ आणला तो प्लास्टिकच्या डब्यात. लहानपणी गावी तो पेपरात बांधून यायचा. आई पुडा सोडायची, कागद हाताने सपाट करायची आणि म्हणायची, वाच. तलावाच्या पाळीवर बसून मी बातम्या वाचायची. पुढचं फाटून गेलेलं असायचं, मग शेवट आई जोडायची. तिच्या शेवटात चोर हमखास सापडायचा. काय दिवस होते!

गावात साक्षरतेचे वर्ग आले तेव्हा मी अकरावीत होते. मंदिरात बसून सगळ्या मोहल्ल्याला शिकवलं. आई तेवढी आली नाही. बायकांना ऐटीत सांगायची, माझी मंजू हाय ना वाचाले! मला ते फार आवडायचं. अजूनही आवडतं.

२ फेब्रुवारी
'घ' आणि 'ध'पाशी गाडी अडलीय. बाकी अक्षरं झकास, बांधीत धान रोवल्यासारखी ओळीत. मी ओरडले तर म्हणाली, मास्तरीनबाई, घरी वरडू नको.

१६ फेब्रुवारी
पुन्हा तेच — गावी जायचंय. बाबा गेल्यावर मी तिला इथे गोंदियाला आणलं, तेव्हापासून तिकडचं घर बंद आहे. एकटी कशी जाशील, स्टँडवर हरवशील, मे महिन्यात मी नेते, असं सांगितलं. दरवर्षी हेच सांगते आणि दरवर्षी मे महिन्यात मला काहीतरी काम निघतं. खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. एकदा नेली की ती परत यायची नाही. मग या घरात मी एकटी.

२३ मार्च
परीक्षा. आई शेवटच्या बाकावर, नवं लुगडं नेसून. मी खिडकीतून डोकावत होते. पत्त्याच्या जागी तिने गावाचं नाव लिहिलं! इतकी वर्षं गोंदियात राहून! मला हसूच आलं.

५ एप्रिल
पास!! हेडसरांनी पेढे वाटले. आई सुटलीच आहे — बिस्किटाचा पुडा, औषधाची बाटली, वीजबिलावरचं माझं नाव. ऑटोतून येताना दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचल्या. ऑटोवाला म्हणाला, "अम्मा तो सब पढ़ लेती है!" मला अभिमान वाटला. आणि घरी आल्यावर उगाच उदासही वाटलं. आता ती मला कधी 'वाच' म्हणत नाही.

१७ एप्रिल
शाळेतून आले तर दाराला कुलूप. किल्ली शेजारच्या डिंपलकडे. आई सकाळीच पिशवी घेऊन निघाली होती. मी स्टँडवर धावणार तेवढ्यात तिचा फोन आला — अर्जुनी मोरगावला उतरून ती गावीसुद्धा पोचली होती.

"कोनाले विचारलं नाई, मंजू. बोर्ड वाचला न बसली."

घर उघडलंय, झाडून झालंय, आता ती तिथेच राहणार आहे. मला रडू आवरेना. इकडे कधी येशील, एवढंच विचारलं.

"येईन ना," आई म्हणाली. "पाहुनी म्हून."