विधवेचा विडा आणि त्याचा अकरा दिवसांचा शाप

चाउंग वा, मोगोकजवळ
नडाव महिना, पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस

पूज्य सयाले मावशी,

तीन वेळा कपाळ टेकवून विचारते: एखादी खोटी गोष्ट 'पूर्वापार चालत आलेली' व्हायला किती वर्षं लागतात? मी मंडालेला जाऊन इतिहासाची पदवी घेतली, आपल्या घरातली पहिली, पण याचं उत्तर मला येत नाही. आमच्या पुस्तकांत ते नव्हतं आणि परीक्षेत कुणी विचारलं नाही. आमच्या गावात हे काम अकरा दिवसांत उरकलं आणि ते माझ्याच हातून झालं, म्हणून हे पत्र.

आधी तुमची तब्येत. गुडघे कसे आहेत? सगाइंगच्या टेकडीला पायऱ्या फार, आणि मठात धाकट्या सयाले भिक्षुणी असताना तांदळाची पोती तुम्हीच का उचलता, असं आईने विचारायला सांगितलं आहे. आम्ही इकडे बरे आहोत. आईचा खोकला आहे तसाच आहे, आईही आहे तशीच आहे. फोन करणार होते, पण मठाच्या कार्यालयातल्या फोनवर तुम्ही इतक्या मोठ्याने बोलता की अर्ध्या टेकडीला आमच्या घरातलं कळतं. हा विषय टेकडीला कळण्यासारखा नाही.

खाणीचे नवे मालक ऊ थाउंग पे तुम्ही पाहिलेले नाहीत. माणूस वाईट नाही, असं ते स्वतः सांगतात. त्यांनी खडी धुणारं मोठं यंत्र आणलं. ते इतक्या घाईने धुतं की बारीक लाल खडे मागच्या ढिगाऱ्यात तसेच जातात, त्यामुळे ढिगाऱ्यात खडे वेचणाऱ्या आमच्या कनासे बायकांचं दोन वर्षं बरं चाललं होतं. तुम्हीही दीक्षा घेण्याआधी वीस वर्षं त्याच ढिगाऱ्यावर बसलात, तेव्हा रीत मी तुम्हाला सांगायला नको: धुऊन फेकलेल्या खडीत बाईला जे सापडेल ते बाईचं. राजाच्या काळापासून कुठल्याही मालकाने, अगदी चोर मालकानेसुद्धा, ही रीत मोडलेली नाही. ऊ थाउंग पेंना मात्र तो ढिगारा दुसऱ्या यंत्रातून पुन्हा धुवायचा आहे. त्यासाठी भोवती तार घालायची आणि आईसकट एकतीस बायकांना उठवायचं. रीत मोडली असं म्हणवून घ्यायचं नाही, तारही हवी. मग त्यांना एकाएकी आमच्या जिवाची काळजी वाटू लागली.

त्यांनी मला बोलावलं. (पदवी घेऊन आल्यापासून मला सगळे सयामा, म्हणजे शिक्षिका, म्हणतात. शिकायला अजून कुणी बसलेलं नाही.) "सयामा, त्या ढिगाऱ्यातच विधवेचा विडा सापडला होता ना? शापित जागा ती. आपल्या आयाबहिणी तिथे रोज बसतात, माझ्या घशाखाली घास उतरत नाही." त्यांना ढिगाऱ्याशी लावायला एक मोठी पाटी हवी होती. वर शापाचा इतिहास, खाली 'प्रवेश बंद'. इतिहास पदवीधराने लिहिलेला असला की तालुक्याच्या कार्यालयात वजन पडतं, असंही म्हणाले. मला वाटलं, ही खरं सांगायची संधी आहे. मावशी, मी तेव्हा अशी होते. तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट आहे ही.

आजीची गोष्ट मला तुम्हीच सांगितलीत आणि ती लहान आहे. आपल्या घराण्यातली विधवा मे पोन, तिला ढिगाऱ्यात सुपारीएवढं माणिक सापडलं. एवढं मोठं माणिक राजाचं, असा कायदा होता, म्हणून जो तो मोठा खडा हातोडीने फोडून लहान करायचा. मे पोनची हातोडी शेजारणीने नेलेली होती. (परत दिली नव्हती. काही गोष्टी खरोखरच पूर्वापार चालत आलेल्या असतात.) तिने खडा गालात धरला. राजाचा अधिकारी म्हणाला, तोंडात काय? ही म्हणाली, विडा. तो म्हणाला, थुंक. ती त्याच्या नव्या वहाणांवर थुंकली, आधी लाल पिंक आणि मागोमाग माणिक. त्याने माणिक घेतलं, तिला फटके मारवले, आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा ढिगाऱ्यावर येऊन बसली. त्यावरून त्या माणकाला विधवेचा विडा म्हणतात. संपली आजीची गोष्ट. त्यात शाप कुठेच नाही.

शाप मला मंडालेच्या ग्रंथालयात सापडला, जुन्या वर्तमानपत्रात. झालं असं की राजवाडा पडला तेव्हा एका गोऱ्या अधिकाऱ्याने ते माणिक पेटीत घालून लंडनला नेलं. आत तडा होता, म्हणून जवाहिऱ्याकडे दोन वर्षं कुणी विचारेना. मग त्या जवाहिऱ्याने एक पत्रक छापलं की या माणकाला विधवेचा शाप आहे, सात बळी गेलेत. महिन्यात माणिक विकलं गेलं. पत्रकावरून तिथल्या वर्तमानपत्राने छापलं, त्यावरून यांगोनच्या वर्तमानपत्राने, आणि ते आजोबांच्या आजोबांनी चहाच्या दुकानात मोठ्याने वाचलं. म्हणजे शाप लागला लंडनमध्ये आणि आपल्याकडे आयात होऊन आला, तोही जकात न भरता. सात बळी मी एकेक करून तपासले. माणिक घेणारा अधिकारी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पैजेवर टोपलीभर दुरियान फळं खाऊन मेला. एका मंत्र्याला त्याच्या मेहुण्याने मारलं आणि मग मेहुण्याला दुसऱ्या मेहुण्याने. तीन राजपुत्रांना कुणी मारलं त्याचं नाव, हुद्दा आणि बक्षीस मिळालेला हत्ती, सगळं दरबारी नोंदींत आहे. राजाचं राज्य गेलं ते नदीतून आलेल्या बोटींमुळे. बोटींवर तोफा होत्या, माणकाजवळ एकही नव्हती. तरी दोष माणकाला. माणसाला दोष दिला तर तो संध्याकाळी दारात येऊन उभा राहतो. दगड येत नाही, एवढीच काय ती त्याची चूक.

हे सगळं मी बेचाळीस पानं लिहून नेलं. ऊ थाउंग पेंनी ती हातात तोलून पाहिली. म्हणाले, "छान. जड आहे. आता यातलं खोटं तेवढं ठेव आणि खरं काढून टाक. पाटी लहान आहे."

मी नाही म्हणून उठले आणि (इथून पुढचं वाचताना हसू नका) सरळ ढिगाऱ्याच्या टोकावर जाऊन बसले. जाहीर केलं की सात दिवस इथून हलणार नाही, शाप असेल तर मला लागू दे. पहिल्या दिवशी बायका बघायला आल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, बसलीच आहेस तर खडीची टोपली धर. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा डावा गाल सुजला. दुपारपर्यंत गालात सुपारी धरल्यासारखा झाला आणि तोंड उघडेना. पत्रकात शाप नेमका हाच होता, की विड्याच्या वाटेला जाईल त्याचं तोंड मिटेल. अख्खा गाव लोटला. मी वहीवर लिहून दाखवलं: ही अक्कलदाढ आहे. दॉ न्यूननी (आपल्या शेजारच्या, अजून तशाच आहेत) ते वाचलं आणि म्हणाल्या, "असेल ना. पण ती आजच कशी आली? एवढी वर्षं कॉलेजात होतीस, तिथे नाही आली ती." सगळ्या मान डोलावत राहिल्या. तोंड मिटलेलं असताना वाद घालणं किती अवघड असतं ते माझ्या प्राध्यापकांनी कधी अनुभवलं नसावं.

सर्वांत वाईट म्हणजे त्या दिवसापासून सात बायका ढिगाऱ्यावर यायच्या बंद झाल्या. मालकांना तार घालायचीही गरज पडली नसती. मी सत्यासाठी बसले आणि मालकांचं अर्धं काम फुकट करून दिलं.

आई मला घरी नेऊन गालाच्या फटीतून पेज भरवत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "तू खरं बोलतेस हे मला कळतं गं," म्हणाली, "पण मला तेवढ्याने भागत नाही. शाप आहे की नाही ते तुझ्या कागदांना विचार. मला एवढंच सांग, तो कुणाच्या बाजूचा आहे?" मग माझं तोंड पुसलं आणि ढिगाऱ्यावर गेली. उरलेल्या चोवीस जणींत ती होती. ढिगारा गेला तर दुसरं कुठलं काम तिला येत नाही. माझी पदवी त्याच ढिगाऱ्यातून निघाली आहे, एकेक बारीक खडा करून, हे तुम्हाला माहीत आहे.

दाढ काढली, तोंड उघडलं, आणि मी मालकांकडे जाऊन म्हटलं, पाटी लिहिते. ते खूश झाले. मी सगळं लिहिलं: विधवा, अधिकारी, सात बळी, दुरियानसुद्धा. त्यांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या, तेवढ्यात फोन वाजला, फोनवर बोलता बोलता सही केली. शेवटची ओळ अशी होती: 'मे पोन म्हणाली, जो बाईला या ढिगाऱ्यावरून उठवील, त्याचं तोंड मिटेल.' रंगाऱ्याने पाटी रंगवली. विहारातल्या थोरल्या भिक्षूंनी मंत्र म्हटले आणि पाणी ओतलं. आता ती काढायची तर भिक्षूंना विचारावं लागेल. 'प्रवेश बंद'ला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी तारेचे खांब रोवायला यंत्रचालक को फो ला आला. त्याने पाटी वाचली, ढिगाऱ्यावर बसलेल्या बायका पाहिल्या आणि यंत्र बंद करून खाली उतरला. मालकांना म्हणाला, "साहेब, तोंड मला लागतं. त्याच तोंडाने जेवतो." माझा सुजलेला गाल त्याने स्वतः पाहिला होता. मग मालकांनी पाटी पहिल्यांदा पूर्ण वाचली. मला विचारलं, "ही ओळ कुठून आणलीस?" मी म्हटलं, "बाकीच्या जिथून आल्या तिथून." शेवटची ओळ खोटी म्हणावी तर वरच्याही जातात, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मी तोवर उभी राहिले.

पाटी लागल्यापासून अकराव्या दिवशी दॉ न्यूननी मला रस्त्यात अडवलं. "सयामा, तुला ती गोष्ट नीट येत नाही. मे पोन केस सोडून, पूर्वेकडे तोंड करून म्हणाली होती. माझ्या आजीने मला सांगितलंय." त्यांच्या आजीचं नाव घेऊन सांगत होत्या. मी, देवाशपथ, ते वहीत टिपून घेतलं.

सातही जणी परत आल्या आहेत. मला बरं वाटतंय आणि लाजही वाटते. मावशी, खोटं न बोलण्याचा नियम तुम्ही एकतीस वर्षं पाळताय. माझ्यासाठी काही प्रायश्चित्त असेल तर कळवा. मी मनापासून करीन, फक्त पाटी पुसायला सांगू नका.

तुमची भाची,
थझिन

ता. क. आईने मुरवलेल्या चहाच्या पानांची बरणी आणि भाजलेले तीळ पाठवलेत. हे पत्र मुद्दाम बरणीच्या बुडाशी ठेवलं आहे. कारण खाली कळेल.

ता. क. दुसरा. ऊ थाउंग पे उद्या सगाइंगला निघताहेत. आजीची गोष्ट तिच्या तोंडून ऐकलेल्या (आई तेव्हा पाळण्यात होती) तुम्ही एकट्याच उरलात, हे त्यांना कुणीतरी (दॉ न्यून) सांगितलं. फळं, तेल, नवी गुलाबी वस्त्रं, सगळं दान घेऊन येतील आणि एकच विचारतील: ती ओळ आजीच्या गोष्टीत होती का? तुम्ही खरं सांगाल, आणि खरं हे आहे की शाप मुळीच नव्हता. मग दोन्ही शाप जातील, त्यांचाही आणि आमचाही. पण शाप गेला तरी त्यांच्याकडे तार उरते. आमच्याकडे काहीच उरत नाही. येत्या आठवड्यात तालुक्याचे अधिकारी पाटीच्या आधारे ही जागा श्रद्धास्थान म्हणून नोंदवणार आहेत. तोवर कुणी आक्षेप घेतला नाही, तर ढिगाऱ्याला कुणालाच हात लावता येणार नाही. तुम्हाला खोटं बोलायला मी कधीच सांगणार नाही. पण मौन पाळण्यात पाप नाही, असं तुम्हीच मला शिकवलंत.

ता. क. तिसरा. परवा पौर्णिमेच्या पहाटे मठाच्या थोरल्या सयालेंनी तुम्हाला अचानक दहा दिवसांच्या मौनाला बसवलं, ते तुमची साधना पाहून असेल असं तुम्हाला वाटलं असेल. फोन मी केला होता. दहाही दिवसांचं सगळ्या मठाचं सकाळचं जेवण माझ्याकडून, म्हणजे मला पाटी लिहिण्याचे जे पैसे मिळाले त्यातून, म्हणजे खरं तर ऊ थाउंग पेंकडून आहे. बरणी संपून हे पत्र तुमच्या हाती येईल तोवर मौनही संपत आलेलं असेल, तेव्हा उत्तराची घाई नाही.