कॉर्नरबॅकपायी मोडलेलं हाड

चीकटोवागा
मे महिन्याचा पहिला रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय आयरीनताई,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. नमस्कार म्हणायचा खरा, पण दोन हात जोडता येत नाहीत, कारण उजवा गळ्यात अडकवलाय. का, ते पुढे येईलच. आधी तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. टूसॉनच्या कोरड्या हवेत हाडं बरी राहतात असं तू नाताळात लिहिलं होतंस. इथे मे उजाडला तरी गॅरेजच्या मागे काळ्या बर्फाचा ढीग तसाच आहे, आणि हाडांचं म्हणशील तर तोच या पत्राचा विषय. फोन केला असता, पण मी फोनवर ओरडतो आणि तू रिसीव्हर ओट्यावर ठेवून भांडी घासतेस हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्र.

अक्षर बघून तू ओळखलंच असशील. सांगतोय मी आणि लिहितोय तुझा मुलगा डेल. आमचं बोलणं बंद आहे. म्हणजे मी त्याच्याशी बोलतच नाहीये, मी तुझ्याशी बोलतोय आणि तो मध्ये बसून लिहितोय, एवढंच. शब्दाला शब्द लिहीन, पदरचं काही घालणार नाही, असं त्याने कबूल केलंय. (अगदीच खोटं असेल तिथे कंसात लिहीन, हेही कबूल केलंय. — डेल) बघ. हे असं चाललंय इथे.

तर तू त्याला तिकडे नोकरी बघून दिलीस आणि ऑगस्टमध्ये तो तुझ्याकडे येणार, हे फार उत्तम झालं. मनापासून सांगतो. मुलाने आईजवळ राहावं. माझं काय, एकटा जीव सदाशिव. चेस्टरदाजी गेल्यापासून स्टेडियममधल्या त्यांच्या दोन खुर्च्यांवर डेल आणि मी बसतोय, आता त्यातली एक रिकामी राहील, तर राहू दे. मी तिच्यावर कोट ठेवीन. कोटाला मतं नसतात. कोट खेळ चालू असताना मोबाइलमध्ये आकडे बघून 'मामा, तू म्हणतोस ते सिद्ध होत नाही' असं म्हणत नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्या फुटबॉल टीमने यंदाच्या ड्राफ्टमध्ये, कॉलेजची नवी पोरं वाटून घेतात त्यात, पहिल्या फेरीत कॉर्नरबॅक घेतला, हे तुला तिकडच्या पेपरात कळलं असेल. तू म्हणशील घेतला तर घेतला. ताई, असं म्हणू नकोस. जानेवारीतला तो शेवटचा सामना आठव. आपला क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा तो, बिचारा सारखा बर्फात आडवा. उठायचा, हेल्मेटच्या जाळीतून बर्फ काढायचा, की पुन्हा आडवा. का? तर त्याला राखायला पुढे उभी असलेली फळी म्हणजे बागेचं फाटक, कुणीही यावं, ढकलावं आणि आत जावं. तेव्हा देशभरातल्या कॉलेजांतली ताजी पोरं एकेक करून उचलायची वेळ आली की शहाण्या माणसाने काय उचलावं? दांडगा! चार मणाचा, दारातून आडवा होऊन आत येणारा दांडगा. असा एक होता, आयोवाचा, गाईगुरांत वाढलेला. त्याचं तोंड टीव्हीवर बघितलं तरी झोप शांत लागावी. आपली पाळी आली तेव्हा तो तसाच शिल्लक होता, ताई. आपल्यासाठीच देवाने ठेवल्यासारखा. आणि आपल्या शहाण्यांनी त्याला सोडून उलटं पळणारा पोरगा घेतला.

हो, उलटं. कॉर्नरबॅकचं कामच ते. समोरचा झेलणारा गडी सुसाट सुटतो आणि हा त्याच्या तोंडाकडे बघत मागे मागे पळतो. मी डेलला विचारलं (तेव्हा आमचं बोलणं होतं) की याने चांगलं काम केलं हे ओळखायचं कसं? तर म्हणे, त्याच्याकडे चेंडू आलाच नाही की समजायचं तो उत्तम खेळला. वा! मी गॅस कंपनीत आयुष्य काढलं. साहेबाने विचारलं असतं, 'यूजीन, आज काय केलंस?' आणि मी म्हटलं असतं, 'साहेब, माझ्याकडे कुणी फिरकलंच नाही, यावरून ओळखा', तर मला पेन्शन मिळाली असती का? (मामाच्या भागात कधी गळती झाली नाही म्हणून त्याला निरोपाला घड्याळ दिलं होतं. म्हणजे तेच झालं. — डेल) त्याचा इथे काही संबंध नाही.

ड्राफ्टच्या आधी, ईस्टरपूर्वीच्या लेंटच्या उपासात, एका शुक्रवारी चर्चच्या तळघरात आम्ही तळलेला मासा खात होतो, तेव्हा हा वाद पेटला. शेजारचा नॉर्बर्ट तुला आठवतोच, बर्फ उपसायचं यंत्र उसनं नेऊन उन्हाळ्यात परत करणारा. नॉर्बर्टला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही, पण भांडणाला काडी लावायची हौस दांडगी. तो म्हणाला, "यूजीन, तुला एवढी खात्री आहे, तर चुकलास तर काय करशील बोल." तोंडात मासा होता, समोर फादर होते, आणि शेजारी तुझा मुलगा गालातल्या गालात हसत होता. मी म्हणालो, "पहिल्या फेरीत कॉर्नरबॅक घेतला तर मी टेबलावर उडी मारीन."

आता तू कपाळावर हात मारला असशील. सामन्याआधी पार्किंगमध्ये गाडीच्या टपावरून घडीच्या टेबलांवर उड्या मारून ती मोडणारी ती पोरं. त्यांना बघून तू म्हणायचीस, 'यांच्या आयांनी वेळीच दोन दिल्या असत्या तर.' तेच. पण ताई, लेंटमध्ये, फादरांच्या देखत दिलेला शब्द. फादर फक्त एवढंच म्हणाले की देव आयोवाच्या बाजूने असेल अशी आशा करू या.

ड्राफ्टच्या संध्याकाळी नॉर्बर्टच्या गॅरेजात सगळे जमलो. टीव्ही, कोंबडीचे पंख, मिठाच्या पावातलं बीफ, सगळं यथासांग. मी आयोवावाल्याच्या नावाने केकसुद्धा नेला होता, वर साखरेची गाय काढून घेतली होती. (गाय डुकरासारखी दिसत होती. — डेल) आपली पाळी आली. तो सुटातला माणूस माइकपाशी आला, चिठ्ठी उघडली आणि 'कॉर्नरबॅक' असं त्याच्या तोंडून निघालं. तुझा मुलगा खुर्चीवर चढून असा ओरडला की नॉर्बर्टचा कुत्रा गाडीखाली गेला. मी त्या केककडे बघत बसलो. आणि नॉर्बर्टने भिंतीला टेकवलेलं टेबल आणून अंगणात उघडलं.

डेलने मला अडवलं, खरं ते सांगायला हवं. "मामा, नको. तुझं वय काय, तू करतोस काय. हरलास एवढं म्हण, संपलं." आता 'हरलास' हा शब्द त्याने वापरायला नको होता. मी नॉर्बर्टच्या पिकअपच्या मागच्या फळीवर चढलो, टीमचं नाव घेतलं आणि उडी मारली. ताई, ती पोरं ज्या टेबलांवर उड्या मारतात ती पत्र्याच्या पायांची, पापडासारखी असतात. नॉर्बर्टने आणलेलं टेबल चर्चच्या बिंगोचं निघालं, लोखंडी पायांचं, बहुधा परत करायचं राहून गेलेलं. त्याला ओरखडासुद्धा आला नाही. ते जिथल्या तिथे उभं, मी त्याच्यावर आडवा, आणि माझ्या गळ्याजवळचं हाड दोन जागी. आपल्या पुढच्या फळीत असा गडी हवा, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं.

दवाखान्यात निदान सहानुभूती मिळेल असं वाटलं होतं. कुठलं काय! नर्सने 'कसं पडलात' विचारलं, डेलने सांगितलं, तर ती बाई पेन खाली ठेवून म्हणाली, "कॉर्नरबॅकच हवा होता. गेल्या वर्षी आपल्या मागच्या बाजूला नुसतं मोकळं रान होतं." एक्स-रेवाला आमच्या बाजूचा निघाला, हाडाचा फोटो काढता काढता म्हणाला, "काका, हलू नका, पण दांडगाच घ्यायला हवा होता." पडद्यापलीकडे मुतखड्याने विव्हळणारा एक गृहस्थ होता, तो विव्हळायचा थांबून म्हणाला की तुम्ही दोघेही मूर्ख आहात, बचावात मधला गडी हवा होता. मग त्याची बायको त्याला म्हणाली की तू गप पड. डॉक्टर आले तेव्हा तिथे असा कोलाहल होता की त्यांना वाटलं अपघाताची आख्खी बस आलीये. डॉक्टर टोरांटोचे. त्यांना हॉकी आवडते. त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण घरी येताना गाडीत मी म्हणालो (औषधाची गुंगी होती) की सप्टेंबरात बघू, तुझा तो उलटपळ्या पहिल्याच सामन्यात तोंडावर आपटेल आणि मी तुझ्या कानात ओरडून सांगीन. तर तो म्हणाला, "सप्टेंबरात मी इथे नसेन, मामा. कुणाच्याही कानात ओरड." मी म्हणालो, "मग जा की, कोण अडवतंय." तेव्हापासून बोलणं बंद. मी काही चुकीचं बोललो का, तूच सांग. (मी 'नसेन' म्हणालो ते मलाच नीट ऐकू आलं नाही, एवढ्या हळू म्हणालो होतो. त्यालाच कसं ऐकू आलं कोण जाणे. — डेल) पुढे लिही म्हणावं.

तसा तो रोज येतो. सकाळी माझ्या शर्टाची बटणं लावतो, छताकडे बघत, मीही छताकडे बघत. छताला रंग द्यायला झालाय. संध्याकाळी स्वयंपाक करतो. ताई, त्याला सांग की कोबीत मीठ कमी घाल. आणि सांग की कॉफीचं भांडं माझ्या डाव्या बाजूला ठेव म्हणजे मला पोचेल. (ठेवलं. — डेल) आणि सांग की काल पायऱ्यांवरचा बर्फ त्याने फोडला ते मी खिडकीतून पाहिलं. बरं केलं. नॉर्बर्ट चौकशीला येतो, पण तो फक्त टेबल किती मजबूत होतं याचंच कौतुक करतो, त्याला म्हणालो, तूच ठेव ते, जाताना तुझ्याबरोबर पुरतील.

असो. पत्र फार लांबलं आणि लिहिणाऱ्याने घड्याळाकडे बघायला सुरुवात केलीये. तू माझी काळजी करू नकोस. डेलची खोली नीट करून ठेव, उन्हाळ्यात त्याला पंखा लागतो. इथे सगळं ठीक आहे, मला कुणाचीही गरज नाही, हाड जुळतंय. लिंबाच्या झाडाला पाणी घालत जा.

तुझा धाकटा भाऊ,
यूजीन

ता. क. डेलने मला त्या कॉर्नरबॅकची कॉलेजातली फीत मुद्दाम समोर लावून दाखवली, मी डोळे मिटले होते पण सगळी पाहिली. पोरगा उलटा पळतो हे खरं, पण समोरच्याला एक पाऊल सोडत नाही. बरा आहे. हे नॉर्बर्टला कळवू नकोस. (शब्दाला शब्द लिहून घेतलं. दोनदा वाचून दाखवून खात्री केली. — डेल)

ता. क. दुसरा. ताई हे डाव्या हाताने लिहितोय, तो पिझ्झा आणायला गेलाय, अक्षर गोड मानून घे. त्याला यंदा नको नेऊस. सामन्यांचा मोसम संपू दे, मग ने. वर मी गरज नाही वगैरे लिहवून घेतलं ते सगळं तो समोर बसला होता म्हणून. त्याच्याशी भांडल्याशिवाय मला सामना दिसतच नाही गं. दाजी गेले त्या वर्षी आम्ही दोघं तिथे जाऊन बसलो, एक शब्द बोललो नाही, आणि चौथ्या सामन्याला त्याने पहिल्यांदा 'मामा, तू चुकतोयस' म्हटलं. मला इतकं बरं वाटलं होतं. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. त्याला सांगू नकोस. आला वाटतं.

ता. क. तिसरा. आई, मी डेल. मामाला एका हाताने पाकीट चिकटवता येईना, म्हणून त्याने ते माझ्याकडे दिलं आणि म्हणाला, "आत बघू नकोस." त्या गाडीतल्या भांडणानंतर तो माझ्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य, म्हणून मी बघितलं. टूसॉनच्या ऑफिसला उद्या फोन करून विचारतो, मोसम संपेपर्यंत थांबतील का. नाही थांबले तर नाही. तू रागावू नकोस आणि मी वाचलंय हे त्याला कळू देऊ नकोस, नाहीतर तो लाजून मला स्वतः विमानात बसवून येईल. तू फक्त उलट टपाली एवढंच लिही: 'डेलला तूच ठेवून घे बाबा, त्याची बडबड मला माझ्या घरात नको.' मामा महिनाभर तुला नावं ठेवील, आणि मग माझा एवढा अपमान झाला म्हणून माझी समजूत काढायला मला पहिल्या सामन्याला स्वतःहून घेऊन जाईल.