पीप्पु बदलला, त्याची हकीकत

तीर्थरूप हिल्काताईस,

उन्तोचा दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्या हाताला पट्टी आहे, तेव्हा तूर्त दीड हाताचाच धरून चाल). तुझी पाठ कशी आहे? योतेबोरीच्या दमट हवेत बेंग्त भावोजींचा गुडघा नेहमीप्रमाणे कुरकुरत असेल. इकडे आम्ही सगळे खुशाल. आमच्या सौ. आइलाने लिंगोनबेरीच्या मुरंब्याच्या बावीस बाटल्या भरल्या आहेत. त्यातल्या दोन तुझ्या, म्हणजे तिचं मन बदलेपर्यंत. आणि बाबा ठणठणीत. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाने इतकं ठणठणीत असावं का, असा प्रश्न मला हल्ली पडतो. का पडतो ते पुढे कळेलच.

तुला आठवत असेल, ऑगस्टच्या शेवटी मी फोनवर सांगितलं होतं की बाबा बोलले. पायरीवर बसले होते, चिकटपट्टी गुंडाळलेला तो जुना पाइप न पेटवताच चघळत होते, आणि एकदम म्हणाले, "पीप्पु गेला. शिकारीआधी बदलायला हवा." एवढं बोलून त्यांनी सप्टेंबरचाही कोटा संपवला. पीप्पु म्हणजे रायफलीची नळी, दुसरं काय असणार? तू फोनवर म्हणालीस, बाबांनी तोंड उघडून काही मागितलं म्हणजे गरज असणार, चिकटपणा करू नकोस, बदलून टाक. हे तुझं वाक्य मी जपून ठेवलं आहे, त्याचं काम पडणार आहे.

आता माझा मोठेपणा बघ. यंदा बाबांची नेमबाजीची परीक्षा होती. पंच्याहत्तर मीटरवरच्या लाकडी मूस-हरणावर चार गोळ्या, चारही वर्तुळात. एक जरी बाहेर गेली तर आपल्या शिकारटोळीतून नाव कमी, आणि चार नंबरची जागा रिकामी. चार नंबर म्हणजे दलदलीच्या टोकाचा तो मोठा खडक. तिथे कोरड्या पायांनी बसायचं, आणि मूस आपण होऊन समोर येतो. बाबा तिथे एकाहत्तर सालापासून बसलेत. मी चाळीस वर्षं कुत्र्यांबरोबर कमरेएवढ्या चिखलातून "हो-हो" ओरडत मूस त्यांच्याकडे हाकतोय. आपल्यानंतर चार नंबर उन्तोचा, असं त्यांनी साक्षीदारांसमोर सांगितलेलं आहे. म्हणजे नळी तशीच राहू दिली असती तर ऑक्टोबरात मी खडकावर असतो. मैदानावर मी स्वतः पाच गोळ्या झाडून पाहिल्या, तर दोन लाकडाला लागल्या आणि तीन कुठे गेल्या ते देव जाणे. तरीही दुसऱ्या दिवशी मी रायफल उचलून तौनोकडे गेलो. असा मुलगा शोधून सापडायचा नाही (हे वाक्य भावोजींना मोठ्याने वाचून दाखव).

तौनो म्हणजे आपल्या शाळेतला तो तोतरा तौनो. आता परवानाधारक बंदूक-कारागीर आहे आणि अजिबात तोतरा नाही, उलट थांबत नाही. त्याने नळीत दिवा घालून पाहिलं आणि मलाही दाखवलं. जिथून गोळी सुटते तिथल्या खाचा पार झिजून गुळगुळीत झालेल्या. मग त्याने नळी टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळली, काडतूस आत ढकलणारा बोल्ट सरकतो त्या लोखंडी भागाला हातभर लांब पाना लावला आणि ओढला. टेबल फिरलं, नळी फिरली नाही. टेबल जमिनीला ठोकून पुन्हा ओढलं, तर तौनो फिरला. दोन दिवस तेल मुरवलं, तिघांनी जोर लावला (बाबांनी नजरेने), तरी नळी ढिम्म. पन्नास वर्षांचा संसार एका झटक्यात मोडत नाही, असं तौनो म्हणाला. त्याचा स्वतःचा दोनदा मोडलाय, तेव्हा त्याला माहीत असणार.

शनिवारी बाबांनी पाइप दातांतून काढला आणि म्हणाले, सौनात घ्या तिला. तौनोने हात टेकलेच होते, त्यामुळे रायफल लाकडी दस्त्यातून काढून वाफेच्या खोलीतल्या वरच्या फळीवर आमच्यामध्ये निजवली. तासभर, रायफल धरून, चौघं घाम गाळत बसलो. मग बाहेरच्या खोलीत, ओंडक्यावर ठोकलेल्या व्हाइसमध्ये, नुसत्या टॉवेलावर तौनो आणि मी पान्याला लोंबकळलो. कडाक्कन आवाज झाला, मला वाटलं माझंच काहीतरी मोडलं. नळी सुटली, टॉवेल सुटले, मी दारातून मागच्या मागे बाहेर गेलो आणि सॉसेजची परडी घेऊन येणाऱ्या आइलाच्या पायाशी उताणा पडलो. हाताची पट्टी त्याचीच. आइलाने आधी सॉसेज मोजून उचलले.

नवी नळी बसवताना तौनो एकदम गंभीर झाला. त्याच्याकडे मापाची दोन खोटी काडतुसं आहेत. एकावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. वीस वेळा तपासल्याशिवाय त्याने रायफल हातात दिली नाही. तरी नवी नळी जरा जाड निघाली, दस्त्याच्या खोबणीत बसेना. बाबांनी मग दोन दिवस ओसरीत बसून चाकूने खोबण तासली, आणि कॉफीच्या पुड्याचा कागद नळीखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत अलगद सरकेपर्यंत हात थांबवला नाही. त्या चाकूला त्यांच्या हातात कंप म्हणून नव्हता, ताई. मी नुसता बघत बसलो.

परीक्षेला अख्खी टोळी जमली होती. बाबांनी चार गोळ्या झाडल्या, आणि चारही भोकांवर कॉफीची बशी ठेवली तर झाकली जात होती. बाबा हसले. दात दाखवून हसले! मी एकसष्ट वर्षांचा आहे, पण हे मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि सगळ्यांदेखत मला रडू आलं, काय सांगू. ही नळी तीन हजार गोळ्या सहज टिकेल, असं तौनो म्हणाला होता. बाबा वर्षाला सहा झाडतात. घरी आल्यावर त्यांनी सौनाच्या भिंतीवर कोळशाने भागाकार केला. पाचशे वर्षं आली.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
उन्तो

ता. क. - काल आइलाने बाबांना विचारलं, हा फुटका पाइप किती दिवस चघळणार? तर म्हणाले, "उन्तोला ऑगस्टातच सांगितलं होतं, पीप्पु गेला, बदल म्हणून. यंदा शिकार सोडून शेगडीपाशी ओढत बसायचं होतं. पोरगं रायफल घेऊन धावलं. आता नवीकोरी नळी काय गंजत ठेवू?" ताई, तंबाखूचा पाइप! आपल्या दरिद्री भाषेत पाइपालाही पीप्पु, नळीलाही पीप्पु, आणि छपरावरच्या धुराड्यालाही पीप्पुच. चार नंबर मला आयता मिळत होता, तो मी स्वतःच्या हाताने पाना लावून घालवला. आणि "बदलून टाक" असं कोण म्हणालं होतं ते आठव. तेव्हा तुझं कर्तव्य एकच. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांना आग्रहाने तिकडे बोलावून घे. पाठीचं निमित्त कर, गुडघ्याचं कर, काहीही कर. त्यांना संशय येऊ देऊ नकोस.

ता. क. २ - बाबांना चष्मा सापडेना, म्हणून कॉफी पिताना त्यांना हे पत्र सहीपर्यंत वाचून दाखवलं. खालचंही वाच, म्हणाले. वाचावं लागलं. फुटका पाइप चघळतच म्हणाले, "हिल्काला कळव, नक्की येतो. जुलैत. ऑक्टोबरात मला काम आहे."

तेव्हा बोलावू नकोस. पाइप तेवढा पाठव, चांगला मोठा. आणि जमलं तर कमरेपर्यंत येणारे रबरी बूटही, माझ्या मापाचे.