सोमवारी आलेला मेल

प्रिय चिमे,

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झालीत. कारखान्यात अजून एकही यंत्र सुरू नाही आणि मी मापखोलीत बसून हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. पहिली दोन फाडली. एकात मी फारच शहाणा वाटत होतो, दुसऱ्यात फारच बिचारा. मधेच उठून काल दोनदा मोजलेले दांडे पुन्हा मोजले. मायक्रोमीटर तेच सांगतो, पण माझं समाधान होत नाही. एका जागी बसवतच नाही गं.

आधी रविवारचं. तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या नवऱ्यादेखत, पोरीदेखत मी तुला झाडलं. बँकेच्या नावाने मेल आला, ‘आज पाचपर्यंत पडताळणी करा, नाहीतर खातं बंद’ म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी तुला कारखान्याचा पगार काढायचा होता म्हणून तू घाबरलीस. पासवर्ड दिलास, फोनवर आलेला आकडाही दिलास, आणि अर्ध्या तासात साठ जणांचा पगार कुणीतरी लांबवला. त्यावर मी मनसोक्त तोंडसुख घेतलं. पाठवणाऱ्याचं नाव वाचलंस, पण नावामागचा पत्ता का नाही वाचलास? बँक कधी पासवर्ड मागते का? मेलमधला नंबर सोडून पासबुकावरच्या नंबरवर एक फोन करायला काय झालं होतं? एकेक मुद्दा मी बोटावर मोजून दाखवला. भाची ताट तसंच टाकून उठली. तुझा नवरा म्हणाला, ‘दादा, पुरे आता.’ तरी मी थांबलो नाही. म्हटलं, त्या निळ्या बटणावर नुसता बाण नेऊन थांबली असतीस, तरी खाली भलताच पत्ता दिसला असता.

तू कप पुसत होतीस. मान वर न करता विचारलंस, ‘बटण निळं होतं हे तुला कुणी सांगितलं?’ मी म्हणालो, ‘सगळ्यांची निळीच असतात.’ तू कप जागेवर ठेवलास आणि दुसरा पुसायला घेतलास.

आता हे ऐक. माझी शाळा अर्ध्यात सुटली ती तुझी सुटू नये म्हणून, हे मी तुला आयुष्यभर ऐकवत आलो. आराखडे वाचायला, मापं घ्यायला मी स्वतः शिकलो. कॉम्प्युटरही जुन्या पुस्तकावरून स्वतःच शिकलो. कारखान्याने मेलचा पत्ता देऊ केला, तोही घेतला नाही. स्वतःचा उघडला आणि मापखोलीची कामं त्यावरच करतो. तू ह्याला माज म्हणतेस, मी स्वाभिमान म्हणायचो.

मागच्या वर्षी कॉम्प्युटरवाल्या चष्मिसने सगळ्यांना बसवून सांगितलं, की संशयास्पद मेल दिसला तर उघडू नका, पुसूनही टाकू नका, आधी मला कळवा. आठवड्याभरात एक मेल आला. घाईघाईत लिहिलेला, खात्याची माहिती मागणारा, अनोळखी पत्त्यावरून. मी बारा मुद्द्यांचा अहवाल लिहून त्याच्याकडे पाठवला. तो मेल निघाला खुद्द मालकांचा, त्यांच्या घरच्या पत्त्यावरून. चष्मिसने तो अहवाल कॅन्टीनमध्ये मोठ्याने वाचला. ‘मापखोलीच्या मास्तरांनी मालकांनाच चोर ठरवलं!’ लोक पोट धरून हसले. तूही हसलीस, पण तुझं हसणं मायेचं होतं, ते मला कळलं होतं. चष्मिसचं मात्र मी मनात धरलं. ठरवून टाकलं, की ह्यापुढे ओळखायचं, पण ह्या माणसाला सांगायचं नाही. असे मेल मी छापून घेऊ लागलो, लाल पेनाने चुका दाखवून फाइलला लावू लागलो. पानावर तारीख, वेळ, सगळं. कुणाला दाखवायचो नाही. नुसतं चाळताना बरं वाटायचं.

तुला गेल्या बुधवारी आला तो मेल मला त्याच्या दोन दिवस आधी, सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आला होता. तोच पत्ता, तीच पाचची मुदत, तेच निळं बटण. मी ओळखला, चिमे. दोन मिनिटांत ओळखला, छापला, लाल खुणा केल्या आणि फाइल कपाटात ठेवून दिली. चष्मिसची खोली माझ्या दारापासून एकवीस पावलांवर आहे. हिशेबाची खोली वरच्याच मजल्यावर. पगाराच्या खात्याच्या चाव्या तुझ्याच हातात असतात हे मला माहीत होतं. त्याच दुपारी आपण जिन्यात भेटलोसुद्धा. तू म्हणालीस, ‘दादा, दमलायस का रे?’ मी म्हटलं, नाही.

काल मालकांसमोर चष्मिस म्हणाला, ‘एकाने जरी कळवलं असतं, तर मी तो पत्ता तेव्हाच अडवला असता.’ तो खरं बोलत होता. मी दाराशी उभा राहून ऐकलं आणि गप्प राहिलो. मग मालकांनी विचारलं, अख्ख्या कारखान्यात हा मेल हिला एकटीलाच कसा आला? त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. तुझा चेहरा मी पाहिला. तू चुकलीस हे एक, पण तू चोरांना सामील आहेस असं कुणी म्हणावं, आणि ते खोटं ठरवणारा कागद माझ्या कपाटात असावा!

म्हणून हे पत्र. आज अकरा वाजता तुला चौकशीला आत बोलावतील. त्याआधी हे तुला माझ्या हातून कळायला हवं, त्यांच्या तोंडून नाही. आठला चष्मिस येतो. तो पहिला कप चहा घेत असतानाच मी अख्खी फाइल त्याच्या टेबलावर ठेवणार आहे, सोमवारचं पान वर. मूळ मेलही मी पुसलेला नाही, तो त्याच्यासमोर उघडून देईन. मी दोन दिवस आधी ओळखला होता आणि अढीपायी दाबून ठेवला, हे माझ्या सहीने लिहून देईन. मापखोली काढून घेतली तर घेऊ दे. रविवारी जे बोललो त्याची माफी तुझ्या नवऱ्यादेखत, पोरीदेखतच मागेन, तू घरात घेतलंस तर. अकराला मी बाहेरच्या बाकावर असेन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण त्यांनी काहीही विचारलं तरी आज मान खाली घालू नकोस.

तू म्हणशील तोवर, आणि नाही म्हणालीस तरी, तुझाच,
दादा