किटलीचा निरोप

शनिवार, १४ मार्च

प्रिय ताई,

कशी आहेस? भावजींचा खोकला गेला का? इकडे सगळे बरे आहेत. हिची बदली जवळच्या शाखेत झाली, त्यामुळे संध्याकाळी माणूस माणसाला दिसतो. लेक माझ्या खांद्याला लागली आणि मलाच अक्कल शिकवते.

बातमी अशी की कंपनी बंद केली. गेल्या आठवड्यात शेवटचं टेबल उचललं. तू म्हणशील, सुटलास एकदाचा. खरंय. बारा वर्षं मी साध्यासुध्या वस्तूंना इंटरनेट जोडत बसलो. आधी ती छत्री. पावसाचा अंदाज असला की तिची मूठ उजळायची. लोकांनी तोंडभर कौतुक केलं आणि छत्र्या बसमध्ये विसरले. मग गोळ्यांची डबी. ती इतकी ओरडायची की लोक तिला उशीखाली कोंबायचे. शेवटी किटली. ती मात्र चालली. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांनी सकाळी चहाचं पाणी ठेवलं की मुलांच्या फोनवर निरोप. नाही ठेवलं, तरी निरोप.

पहिली किटली मी आईकडेच लावली. आता रोज फोन करायला नको, असं म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "किटलीशी मी काय बोलू?" मी ते हसण्यावारी नेलं.

परवा कंपनीतली जुनी माहिती पुसताना भागीदाराने विचारलं, तुझ्या आईची नोंद आहे, पुसू का? मी थांब म्हणालो.

इथवर लिहून उठलो, बाहेरचे कपडे आत आणले, घड्या घातल्या. आता लिहितो.

आई पडली त्या सकाळचं. आदल्या संध्याकाळी तिच्याकडून निघताना तू वायफायचा डबा बंद केलास, म्हणून निरोप आला नाही, असं तू धरून बसलीस. दवाखान्यात तसं रडत म्हणालीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "असू दे ताई, तू मुद्दाम थोडंच केलंस."

ताई, निरोप आला होता. डबा बंद असला तरी यायचाच. किटलीकडून काही कळलं नाही, हेच तर तो सांगायचा.

आठ चाळीसला आला. मी पैसे गुंतवणाऱ्यांच्या दारात उभा होतो. नेट गेलं असेल म्हटलं, तसं पन्नासदा व्हायचं. निरोपाखाली एक बटण असे, 'ठीक आहे'. ते नाही दाबलं तर अर्ध्या तासाने निरोप दुसऱ्या माणसाला जायचा. दुसरं नाव तुझं होतं, आणि तू वीस मिनिटांवर होतीस. मी बटण दाबलं. मग आत जाऊन त्यांना सांगितलं की माझी आई एकटी राहते, पण मी निर्धास्त असतो. ते खूश झाले. शेजारच्या काकूंनी साडेबाराला आईचं दार उघडलं.

सकाळीच आणलं असतं तर वाचा गेली नसती, असं डॉक्टर म्हणाले होते. पुढचे अकरा महिने, ती जाईपर्यंत, तू तिला भरवलंस, कूस बदललीस आणि घासागणिक स्वतःला दोष दिलास. मला ते दिसत होतं. मी रविवारी फळं घेऊन यायचो.

ती नोंद पुसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण गेल्या महिन्यात भावजी बोलता बोलता म्हणाले की तू अजून घरातला डबा कुणाला बंद करू देत नाहीस, परगावी जातानासुद्धा. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

नोंदीचा कागद सोबत ठेवलाय. वेळ, बटण, माझं नाव, सगळं त्यात आहे. फोनवर सांगणार होतो. पण तू पहिल्याच वाक्याला मला माफ केलं असतंस, आणि मी तेही मुकाट्याने घेतलं असतं. म्हणून लिहिलं. भावजींना दाखव. रागाव. सावकाश रागाव. बोलावशील तेव्हा येईन. नाही बोलावलंस, तर का ते मला विचारावं लागणार नाही.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
धाकटा