चार्जरच्या तारा

अन्नपूर्णा, इंदूर

तीर्थरूप बाबांना ऋजुताचा नमस्कार.

मी बरी आहे. डब्यातल्या पोळ्या मऊ असतात. तुमच्या बोटांवरचे फोड कसे आहेत?

आईकडून कळलं, बधिर हाताला चार्जरच्या तारा लावून बसता. भाजलं तेही तुम्हाला जाणवलं नाही.

फोनवर मीच मिरवलं होतं, की करंट वाहणाऱ्या पातळ पडद्यावर नसांच्या पेशी भराभर वाढतात. इथे सगळे ‘ऋजुताजी’ म्हणतात, त्यानं डोकं फिरलं असावं. त्या पेशी लॅबमधल्या बशीत वाढतात, बाबा. माणसाच्या हातापर्यंत आम्ही पोचलोच नाही. हे तेव्हा बोलले नाही, याची फार लाज वाटते.

‘ऋजुतानं सांगितलंय’ म्हणून तुम्ही तारा सोडत नाही म्हणे.

आता ऋजुताच सांगतेय, सोडा.

तुमची,
ऋजुता