एका लेकराला एकच भेट

पांढरकवडा,
रविवार, ४ जानेवारी २०२६

चि. उर्वशीस,

ताईचा सलाम आणि नव्या वर्षाचा भरभरून आशीर्वाद. देवाच्या दयेने इकडे सगळे उभे आहोत. ह्यांचा खोकला थंडीने पुन्हा उसळलाय, पण हायवेवरच्या टायरच्या दुकानात दिवसभर धूळ खाल्ल्यावर दुसरं काय होणार? कपिलची सहामाही बरी गेली, गणित सोडून. खुशी मजेत आहे. तिचं पुढे लिहिते.

फोन असताना ताईला पत्राची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. फोनवर मी बोलायला लागले की रडते, आणि मी रडले की तू आपलं सगळं सोडून माझीच समजूत घालत बसतेस. आज मला ते नको आहे.

आधी नाताळाचं सांगते. केकचं मिश्रण घेऊन यंदाही बेकरीत रांग लावली, अडीच तास. वरून करपला, पण दोघांनी संपवला. चोवीसच्या संध्याकाळी कॅरलवाली पोरं आली. आपल्या चर्चच्या तरुण संघातला तो उंच राजदीप सँटा झाला होता. चहा पिताना त्याच्या दाढीचा कापूस कपात पडला आणि पाळकसाहेबांसकट सगळे हसले.

तू हैदराबादला गेलीस त्याला पाच वर्षं झाली, म्हणून इथली पद्धत पुन्हा सांगते. आईबापांनी आपल्या लेकराची भेट कागदात बांधायची, नावाची चिठ्ठी लावायची आणि गुपचूप महिला मंडळाकडे द्यायची. सँटा घरोघरी जाऊन पोत्यातून ती काढतो आणि नाव पुकारतो. पोरांना वाटतं, त्यानेच आणली. तीन वर्षांपूर्वी एका घरी रिमोटची गाडी निघाली आणि शेजारच्या घरी स्टीलचा डबा. ते डबा मिळालेलं पोर इतकं रडलं की कॅरल थांबवावं लागलं. तेव्हा मी मंडळीत उभी राहून नियम करून घेतला: एका लेकराला एकच भेट, आणि ती तीनशेच्या आत. सगळी पुडकी माझ्याच हातून जातात.

तीनशेत कसं निवडायचं, हे मला विचारावं. मी ऑगस्टपासून नजर ठेवते. बाजारात पोर कुठे रेंगाळतं, कशाला हात लावून बघतं, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर काय मागतं. सेल संपला की मेली, असली वस्तू मी घरात आणत नाही. तू मात्र पहिल्या वर्षी बोलणारी बाहुली पाठवलीस, मग चाकाचे बूट, मग ती गुलाबी गाडी. किमतीचं लेबलसुद्धा काढायचं सुचलं नाही तुला. गाडी आली त्या दिवशी कपिल जेवला नाही. मी तुला फोनवर झाडलं होतं, आठवतं? पैसे उधळू नकोस, घरात दोन लेकरं आहेत, एकाचे लाड आणि दुसऱ्याने तोंड बघायचं का, असं म्हणाले होते. माझं म्हणणं बरोबरच होतं, पण मी ते म्हणत होते त्याचं कारण वेगळं होतं.

बोलणारी बाहुली आली तेव्हा खुशी चार वर्षांची होती. रात्री माझ्या कुशीत झोपायची, ताप आला की माझा पदर धरायची, मला आई म्हणायची. आणि हैदराबादच्या बसने एक खोकं आलं की दिवसभर ‘मम्मीनं पाठवलं, मम्मीनं पाठवलं’ करत गल्लीभर फिरायची. वर्षभर मी तिच्या उवा काढायच्या, नखं कापायची, पाढे पाठ करून घ्यायचे, आणि तुझं एक खोकं आलं की मी गेले कुठल्या कुठे! माझा जळफळाट व्हायचा, उर्वशी. देवाने मला मुलगी दिली नाही, म्हणून मी तुझी लेक आपली समजून बसले होते. तू नवरा गेल्यावर दोन हात कामाला लावलेस, रात्रपाळ्या केल्यास, महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवलेस, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत असूनही जळत होते.

यंदा खुशी दवाखान्याच्या खेळण्याच्या डब्यापाशी थांबली. प्लॅस्टिकचं इंजेक्शन, थर्मामीटर, एकशे ऐंशी रुपये. तीन वेळा थांबली. घरी उशा निजवून त्यांना सलाईन लावते, नाडी बघते. कुणाला विचारायची गरजच नव्हती. आणि मी तिला भरतकामाची गोल फ्रेम, सुया आणि रेशमाच्या लडी घेतल्या. मी शिवणकाम करते, तर तिच्या हातात सुई यावी. नर्स होऊन तिने तुझ्यासारखं व्हावं, हे मला बघवत नव्हतं. इतकी वर्षं निवडण्याची मिजास मारणाऱ्या बाईने जाणूनबुजून चुकीची वस्तू निवडली.

एकवीस तारखेला हिरासिंगच्या बसने तुझं खोकं आलं.

हो, आलं. नेहमीसारखं ढाब्यापाशी बस थांबवून त्याने ते माझ्या हातात दिलं. पंचवीस तारखेला मी तुला फोनवर म्हणाले की पार्सल पोचलंच नाही, वाटेत कुठे पडलं असेल, तो ड्रायव्हर तसाही बेफिकीर आहे. ते खोटं होतं.

घरी आणून मी ते एकटीने उघडलं. वाटलं, यंदा काय महागडं पाठवलंय ते बघू आणि तुला सुनावू. आत तुझा स्टेथोस्कोप होता. ट्रेनिंगला घेतलेला, तोच जुना. नळी नवीन बसवलेली, आणि नळीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर तुझं नाव. सोबत चिठ्ठी. चिठ्ठीत तू लिहिलं होतंस: ‘खुशी, ताई म्हणते पैसे उधळू नको, म्हणून यंदा दुकानातून काही घेतलं नाही. हा माझा पहिला आहे. आता तुझा. मे महिन्यात तुला न्यायला येते. इथली शाळा बघून ठेवली आहे. मम्मी.’

मला बोलायला जागाच ठेवली नाहीस तू. एक पैसा खर्च केला नव्हतास. माझा नियम माझ्यापेक्षा चांगला पाळला होतास, आणि तिला नेमकं काय हवंय हे तीनशे किलोमीटरवरून तुला कळलं होतं. मी शिलाई मशीनपाशी बसून नखाने ती चिकटपट्टी खरवडली. चिकट राहिलं ते रॉकेलने पुसलं. चिठ्ठी मशीनच्या खणात, बटणांच्या डब्याखाली ठेवली.

स्टेथोस्कोप लपवून ठेवता आला असता. पण खुशीचं तोंड कसं फुलतं ते मला बघायचं होतं. म्हणून पोत्यातली माझी फ्रेम काढली आणि कागदात बांधून तो ठेवला. सँटाने दिलं तर मला काही वाटणार नव्हतं. सँटा तिला घेऊन जात नाही ना!

राजदीपने नाव पुकारलं. तिने कागद फाडला आणि तशीच उभी राहिली, मग नळ्या कानात घालून पहिल्यांदा राजदीपचीच छाती तपासली. सकाळी मी फ्रेम दिली, ‘ही माझ्याकडून’ म्हणून. एका लेकराला एकच भेट हा नियम मोडला तो मीच. खुशीने फ्रेमसाठी थँक्यू म्हटलं आणि ती खाटेखाली सरकवली. मग विचारलं, “मम्मीनं काय पाठवलं?” मी म्हणाले, काही नाही आलं बाई. ती कुठेच फिरली नाही त्या दिवशी. तू व्हिडिओ कॉल केलास तेव्हा तिने तुला एवढंच म्हटलं ना, “तू मले काहीच नाही पाठवलं,” आणि आत पळाली? तू मला विचारलंस, ती अशी काय करते. मी खोटं बोलले ते तेव्हा. खरं सांगू का, ती पळाली तेव्हा मला बरं वाटलं होतं. घटकाभरच, पण बरं वाटलं होतं.

काल मी ह्यांचा डबा घेऊन दुकानावर गेले होते, तेव्हा हिरासिंग आला. ह्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, “विमलताई, मी तुमच्याच हातात देलतं ना पार्सल? उर्वशी म्याडमनं मालकाले फोन केला. मालकानं मले पार्सल न्याचं बंद करून टाकलं. दहा वर्षांत माह्यावर कोणी असं बोट नाही दाखवलं वो.” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, हो, दिलं होतं. मी बसच्या मालकाला फोन करून चूक माझी म्हणून सांगितलं. तूही एकदा सांग. हे पत्र हिरासिंगच आणून देईल. मी विचारायला गेले तर म्हणाला, पत्राले काय, नेतो. त्याची माफी माग, तुझ्याही वतीने आणि माझ्याही.

आज चर्चहून आल्यावर खुशीला ओट्यावर बसवलं आणि सांगितलं.

“मंग सँटानं देलं नोतं?”

“नाही. तुह्या मम्मीचं हाये ते. तिनंच पाठवलं.”

“मंग तू काहून नाही सांगतलं?”

“मले हेवा वाटला बाई.”

“कपिलदादाले बॅट भेटली तवा मले वाटलं, तसं?”

“तसंच.”

“पण मी त्याची बॅट नाही लपवली,” ती म्हणाली.

उर्वशी, पाळकसाहेबांचं एवढ्या वर्षांचं कुठलंही प्रवचन मला इतकं लागलं नाही. मी खणातून चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. तिने बोट ठेवून वाचली, दोनदा. मग उठली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून मे महिना काढला. मला वाटलं होतं रडेल, बिलगेल, मी नाही जात म्हणेल. ती पानं मोजत होती. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही तिने.

हे लिहितानाही जळतेय मी. ते जाणार नाही एवढ्यात, तुला गोड बोलून फसवत नाही. पण आज संध्याकाळी ती तुला फोन करेल, तेव्हा मी शेजारच्या खोलीत बसेन आणि दार लोटून घेईन. तुम्ही काय बोलता ते ऐकणार नाही.

मेमध्ये ये. तिचे कपडे मी धुऊन, इस्त्री करून ठेवीन. दाखला मीच काढून आणीन, शाळेत माझीच सही चालते. तिला भेंडी चालत नाही, झोपताना एक पाय पांघरुणाबाहेर लागतो, आणि खोटं बोलली की डावा कान ओढते, एवढं लक्षात ठेव. बाकी तुला कळेल. फक्त मला स्टँडवर यायचा आग्रह करू नकोस. दारातून हात करीन.

इतकं लिहिल्यावर खाली ‘ताई’ लिहायला हात होत नाही. तुला वाटेल तेव्हा तूच म्हण.

तुझी,
विमल